बिनआवाजाची उडी

नेरडीगोंड्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की कपाशीच्या शेतांमधून एक पांदण जाते. ती पांदण जिथे दमून बसते, तिथे चंपतरावांची विहीर आहे. दगडी, चौकोनी, वरून तापलेली आणि आतून हिरवीगार. उन्हाळा आला की गावातली पोरंसोरं तिच्यात, आणि म्हातारी माणसं तिच्या काठावरच्या चिंचेखाली.

या गावात उडी बघत नाहीत, ऐकतात.

म्हातारे चिंचेखाली विहिरीकडे पाठ करून बसतात. वरून कोणी मुटका मारतं, म्हणजे गुडघे छातीशी घेऊन, त्यांना हातांनी कवळून, गाठोड्यासारखं खाली पडतं. धबाक! आवाज दगडांवर आपटत वर येतो आणि म्हातारे मान न वळवता सांगतात, "हा खुशाल." "हा शकुबाईचा थोरला. आज जेवला नाई वाटते." ज्याच्या मुटक्याचं पाणी काठावर येईल तो मर्द, आणि ज्याचं चिंचेपर्यंत येईल तो चंपतराव. त्यांच्या ऐन उमेदीत काठावर वाळत घातलेली लुगडी त्यांच्या मुटक्याने पुन्हा ओली व्हायची. लग्न होऊन आलेल्या प्रयागबाईंनी नवऱ्याचं तोंड नीट पाहायच्या आधी त्यांचा मुटका ऐकला होता. "म्या म्हनलं, म्हैस पडली," त्या अजून सांगतात आणि अजून लाजतात.

विहिरीचा दुसरा रिवाज असा, की आवाज न करता कोणी पाण्यात गेलं, तर त्याने उडी मारलेली नाही, तो पडलेला आहे. मग जो सगळ्यात जवळ असेल त्याने अंगावर असेल त्या कपड्यांनिशी मागे उडी टाकायची. विचारत बसायचं नाही. चंपतरावांनी असं एका पाहुण्या जावयाला काढलं होतं, बकऱ्या काढल्या होत्या, आणि एकदा तिन्हीसांजेला मोठ्या शर्थीने कोणाची तरी बादली काढली होती.

अशा घरात मयूरी जन्मली. चंपतरावांची नात, देवानंदची लेक, यंदा दहावी झालेली. ती पाण्यात अशी पळायची की पलीकडच्या कपारीतल्या बेडकाला हलायला वेळ मिळायचा नाही. शाळेच्या मास्तरांनी तिला आदिलाबादच्या पोहायच्या तलावावर नेलं. गाव त्याला हौद म्हणतं. तिथल्या हर्षदीप सरांनी तिला एकदा पोहताना पाहिलं आणि दर रविवारी बोलावून घेतलं. मे महिन्यात शर्यत होती. मुलींची, हौदाची एक लांबी जायची आणि एक यायची. पहिल्या दोघी हैदराबादच्या शिबिराला जाणार होत्या. मयूरीला त्या दोघींतली एक व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं, की बस हायवेला लागली की ती हैदराबादच्या दिशेची पाटी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहायची.

अडचण एकच होती. पोहणं सोन्यासारखं, पण उडी विहिरीतली.

सरांनी हात खाली केला की बाकीच्या पोरी पुढे जायच्या आणि मयूरी वर जायची. वर जाऊन हवेतच तिचे गुडघे आपोआप छातीकडे यायला लागायचे, ते तिला मध्येच आठवायचं, ती घाईने पाय लांब करायची, आणि अर्धं गाठोडं, अर्धी मासोळी अशी पोटावर पडायची. डोक्यावर पाणी उडवून ती वर येईपर्यंत बाकीच्या पुढे निघून गेलेल्या असायच्या.

"मयूरी," सर म्हणाले, "तू पाण्यात शिरतेस की वरून त्याला भेटायला येतेस?"

त्यातच हौदावर नवे ठोकळे आले. पोहणारे उडी मारायला ज्यावर उभे राहतात ते. आधीचे होते सिमेंटचे, सपाट, जसे ओटे. नव्यांचा माथा पाण्याकडे उतरता होता, वर खरखरीत कागदासारखं अस्तर होतं, आणि मागच्या अंगाला एक तिरपी फळी होती, पुढे-मागे सरकवता येणारी. सरांनी मयूरीला वर चढवलं. पुढच्या पायाची बोटं कडेवर आवळायची, मागचा पाय त्या तिरप्या फळीला लावायचा, कंबर वर, हात कडेला. इशारा झाला की मागच्या पायाने फळीला लाथ घालायची.

"सपाट ओट्यावरून पाय फक्त खाली दाबता येतो," सर म्हणाले. "म्हणून तू वर उडतेस. ही फळी मागून आधार देते, म्हणून जोर पुढे जातो. पण सवय लागली पाहिजे. आठवड्यातून एकदा येऊन नाही लागणार."

मयूरीने फोटो काढून आणला. देवानंदने तो आडवा-उभा करून बघितला आणि मोडक्या बैलगाडीच्या फळ्या काढल्या. बाभळीचे चार पाय, वर उतरती फळी, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर ठोकलेलं सोयाबीनचं बारदान, आणि मागे खुंट्यांवर बसणारी तिरपी पाटी. विहिरीच्या काठावर ठोकळा असा उभा राहिला जसं तिथे आता कोणाचं तरी लग्न लागणार आहे. प्रयागबाईंनी त्याला हळदकुंकू लावलंच.

मयूरी चढली. डावा पाय पुढे, उजवा मागे.

"अवं थांब!" प्रयागबाई ओरडल्या. "डावा पाय काऊन पुढं? नवरी मापट वलांडते ते उजव्या पायानं. तू पाण्यात डाव्या पायानं जाशील?"

"आजी, माया उजव्या पायात जोर हाय. तो मांगंच पायजे."

"मंग जोराचा पाय मांगं आन् बिनकामाचा पुढं?"

"सुनेले पुढं करून तुमी मांगून ढकलता का नाई, तसंच," मयूरीची आई रेणुकाबाई धुणं पिळता पिळता म्हणाली. प्रयागबाईंनी तेवढ्यावर डावा पाय चालवून घेतला, कारण सून हसत होती.

पंधरवडा गेला. आणि एका सकाळी ते जमलं. मयूरीने पाटीला लाथ घातली, अंग काठावरून सुटलं, बोटं पाण्याला लागली, आणि जिथून बोटं गेली त्याच भोकातून डोकं गेलं, खांदे गेले, कंबर गेली, तळपाय गेले. पाण्याने नुसता हुंकार दिल्यासारखं केलं.

चिंचेखाली चंपतराव म्हणाले, "हं, मार ना बे पोट्टी. कवाची उबी हायेस?"

"आबा, ते गेली," खुशाल म्हणाला. खुशाल म्हणजे देवानंदचा धाकटा भाऊ, भाजीच्या मळ्याचा आणि भाजीच्या टेम्पोचा मालक.

"कवा?"

"हे पाहा, पलीकडून निंगून राह्यली."

चंपतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मान वळवली. नात पलीकडच्या पायरीवर पाणी निथळत उभी होती आणि हसत होती. म्हातारबुवांचा चेहरा असा झाला जसं कोणी त्यांच्या समोरून ताट उचलून नेलं. प्रयागबाईंना मात्र भारी मजा वाटली. जात्यावर बसलेल्या बाईला सुचावी तशी त्यांना तिथल्या तिथे ओवी सुचली:

नात मारते गं उडी, पाण्याला ना कळे,
जशी मांजर घरातून दूध पिऊन पळे!

"माया नातीले चोर म्हनून राह्यली का तू?" चंपतराव भडकले. "आपल्या घरचं मानूस पाण्यात जाते तं साऱ्या शिवाराले समजलं पायजे!"

त्या दिवसानंतर काहीतरी बिनसलं. मयूरीची उडी पुन्हा आभाळात जायला लागली. रोज जास्तच. एकदा तर ती इतकी वर गेली आणि इतकी आडवी पडली, की पाणी थेट चिंचेखाली आलं आणि म्हाताऱ्यांच्या विड्या विझल्या. चंपतराव उठून टाळ्या वाजवू लागले. "हा! हा खरा! चंपतरावाची नात!" मयूरी पोट धरून पायरीवर बसली होती. पोट टमाट्यासारखं लाल.

देवानंदने ठोकळ्याखाली वाकून बघितलं. पुढच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या. उतरता माथा आता आभाळाकडे तोंड करून होता.

"आबा, पाचर तुमी ठोकली का?"

"मी काऊन ठोकीन?" चंपतराव म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी तं फक्त रोज थोडी थोडी सरकवली."

मयूरी रडली नाही. तिने आबांना गोठ्यात नेलं आणि बैलासमोर उभं केलं.

"आबा, गाडी चिखलात फसली तं बैल काय करते?"

"मांगचे पाय गोट्याले टेकवते आन् वढते."

"पुढं जाते का वर उडते?"

"वर कायले उडन? तो का कोंबडा हाय?"

"मंग माया पायाखालचा गोटा तुमी काऊन काढला?"

चंपतरावांनी बैलाकडे बघितलं. बैल रवंथ करत होता, त्याचंही मत मयूरीसारखंच दिसत होतं. संध्याकाळी पाचरी चुलीत गेल्या. मनाने म्हातारबुवा तयार झाले. कान मात्र झाले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी खुशालच्या टेम्पोत घर, शेजार आणि कोथिंबिरीचा वास असं सगळं मिळून आदिलाबादला निघालं. कापसाच्या बाजारावरून जाताना चंपतराव प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत होते, "नात उडी माराले चालली." ती पोहायलाही चालली आहे हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

हौदावर पंच होत्या भाग्यलक्ष्मी मॅडम. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, बोलणं तेलुगू, हिंदी आणि जरूर पडली तर डोळ्यांनी. मयूरी चौथ्या पट्टीत. शेजारी पाचव्या पट्टीत बेल्लमपल्लीची रंजीता, कोळशाच्या खाणीवर काम करणाऱ्याची लेक. क्वार्टरमध्ये वाढलेली, घरात मराठी आणि बाहेर तेलुगू. गेल्या वर्षीची पहिली. ती ठोकळ्याला असं खेटून उभी होती जसा तो तिच्याच घरचा आहे.

मयूरीने मागची फळी आपल्या खुणेवर सरकवली. डावा पाय पुढे. उजवा मागे. कंबर वर. हौदाच्या कडेला, बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, चंपतराव धोतर सावरून उभे होते. उन्हाने डोळे दिपले म्हणून त्यांनी ते मिटले होते. उडी तर ऐकायचीच असते.

भोंगा वाजला.

सहा आवाज आले. डुब्ब, चबाक, थप, असे कमीजास्त. चंपतरावांनी ते कानांनी वेचून घेतले आणि बाजूला ठेवले. सातवा, घरचा, आलाच नाही. डोळे उघडले तर चौथ्या ठोकळ्यावर कोणी नाही, आणि चौथ्या पट्टीत पाणी आरशासारखं.

"पोट्टी पडली!" म्हातारबुवा ओरडले, आणि दोरी, पंच, चपला, वय, कशाचाही विचार न करता त्यांनी गुडघे छातीशी घेतले.

आदिलाबादच्या हौदाने असा मुटका ऐकला नव्हता. पाणी पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर गेलं, दुसऱ्या रांगेतल्या चहाच्या कपांत गेलं. भाग्यलक्ष्मी मॅडमची टोपी गेली. "आगंडी! आगंडी!" त्या ओरडत होत्या, म्हणजे थांबा, थांबा, पण शर्यतीतल्या पोरींचे कान पाण्याखाली होते.

मयूरी कुठे होती? ती पाण्याखालून इतकी लांब निघाली होती की आजोबांनी उडी टाकली तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे निम्म्याच्या पुढे होती. भिंतीला लाथ घालून ती परत फिरली तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती. मग तिला समोरून काहीतरी पांढरं, घेरदार, छत्रीसारखं फुललेलं येताना दिसलं. धोतर. त्यामागून आबा.

चंपतरावांनी नातीला कमरेला धरलं आणि पाण्याबाहेर उचललं. "सापडली!" ते गरजले. "जित्ती हाय! प्रयागे, जित्ती हाय व!"

गावाकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. देवानंदने कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्या पोरी लाटांत गटांगळ्या खात भिंतीला लागल्या.

काठावर मग भांडण लागलं. एक कोच म्हणाले, बाहेरच्या माणसाने हात लावला, चार नंबर बाद. हर्षदीप सर म्हणाले, हात लावला नसता तर चार नंबर पहिला होता. भाग्यलक्ष्मी मॅडमनी टोपी पिळली आणि नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात घोड्याएवढ्या लाटेबद्दल काही नव्हतं.

तेव्हा रंजीता खोकत खोकत पुढे आली. "मॅडम, माझ्या नाकात अर्धा हौद गेला. मी पहिली आली पण टाइम इतका खराब, की हैदराबादवाले हसतील. मला रेस परत पाहिजे." तिसऱ्या पट्टीच्या पोरीचा चष्मा निघाला होता, तिलाही परत पाहिजे होती. पहिल्या पट्टीवाली म्हणाली, तिला पुढे आजोबा दिसले म्हणून ती भूत समजून थांबली. असं करत सगळ्यांनाच परत पाहिजे झाली.

"मळ्ळी!" मॅडम म्हणाल्या, पुन्हा. "अर्ध्या घंट्यानं. और ये तातय्या," त्यांनी चंपतरावांकडे बोट केलं, "दोरीच्या उस पार. फिर पाण्यात आले, तो चार नंबर घर को."

चंपतराव टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसले होते. मयूरी समोर येऊन उभी राहिली.

"आबा, मी बुडत होती का?"

"आवाजच नाई आला व, माय."

"आवाज आला असता तं मी हारली असती! जेवढा जोर आवाजात जाते, तेवढा पुढं जायाले उरत नाई. मले हैदराबादले जायाचं हाय, आबा. अजून एकडाव असं केलं तं मी घरी."

म्हातारबुवा खालच्या आवाजात म्हणाले, "मले समजते व. पन हे कान हायेत ना, त्याइले नाई समजत. तू पाण्यात गेली आन् आवाज नाई आला, की माये गुडघे आपोआप छातीशी येतेत."

मयूरी पाय मोडून खाली बसली, त्यांच्या ओल्या गुडघ्यांशी. "मंग एक सांगू? थोडीशी वर उडू का? तुमाले आयकू येईन एवढीच?"

हे ऐकल्यावर चंपतराव असे ताठ झाले जसा कोणी त्यांचा बैल मागितला.

"खबरदार! जशी मांजर जाते तशीच जाय. तू पुढचं पाह्य." त्यांनी धोतराचा सोगा पिळला. "आवाजाचं मी पाह्यतो."

"म्हंजे?"

"तोंडानं करीन ना मी. धबाक म्हनीन. कानाइले काय, कुठून बी आला तं चालते."

"भोंग्याच्या आधी तोंड उघडलं आन् कोनी दचकून पडलं, तं पुन्हा पंचाईत होईन, आबा!"

"नाई उघडत," चंपतराव म्हणाले आणि विश्वास पटावा म्हणून त्यांनी खांद्यावरच्या गमछ्याचा अर्धा भाग तोंडात कोंबून दाखवला. वरून खुशालने एक हात धरला, देवानंदने दुसरा. प्रयागबाई मागे उभ्या राहून कॉलर धरून होत्या.

पुन्हा सात जणी वर चढल्या. मयूरीने फळी तपासली, दोनदा तपासली. उजवा तळपाय तिच्यावर घट्ट बसला. अंग पुढे झुकलं. हौद गप्प झाला. गमछ्याच्या आतून फक्त "हुं हुं" येत होतं.

भोंगा.

तिने लाथ घातली. अंग असं सुटलं जसा पिकल्या शेंगेतून मुगाचा दाणा. बोटं, डोकं, कंबर, तळपाय, एकाच भोकातून. पाणी मिटलं. चौथ्या पट्टीत कोणी गेलं की नाही, हे पाण्याला विचारलं असतं तर त्यानेही शपथ घेतली नसती.

आणि गमछा अडकला. चंपतराव जिभेने ढकलतायत, दात सोडत नाहीत, दोन्ही हात दोन्ही लेकांनी धरलेले. डोळे बाहेर आले. प्रयागबाईंनी मागून हात घालून एक हिसडा दिला, गमछा सुटला, आणि मयूरी अर्धी लांबी पुढे निघून गेल्यावर मागून उडी आली:

"धबाऽऽक!"

भाग्यलक्ष्मी मॅडमनी टोपी दोन्ही हातांनी धरली. पण पाणी हललं नाही, आणि सुरुवात झाल्यावर ओरडू नये असं पुस्तकात नव्हतं. मग खुशालला राहवलं नाही. "धबाक!" मग रेणुकाबाई, मग टेम्पोतली सगळी मंडळी, मग समोरच्या बाजूची माणसंही, काय चाललंय ते न कळता. धबाक, धबाक, आणि त्या आवाजांच्या खालून मयूरी भिंतीकडे, भिंतीकडून परत.

रंजीता पाचव्या पट्टीत तिच्या खांद्याला खांदा लावून होती. शेवटच्या दोन हातांत ती पुढे सरकली. रंजीता पहिली. मयूरी दुसरी, तिसरीच्या बरीच पुढे. मॅडमनी दोन बोटं वर केली आणि दोघींची नावं हैदराबादसाठी पुकारली. मयूरीने पाण्यातच तोंड झाकून घेतलं आणि मग मात्र रडली, म्हणजे रडली असावी, सगळंच ओलं होतं.

"पयली का दुसरी?" चंपतरावांनी विचारलं.

"दुसरी, आबा. पन चालली हैदराबादले!"

"दुसरी कशी काय? आवाज तं तिचा सगळ्याइच्या वर होता," म्हातारबुवा म्हणाले, आणि डोळे पुसायला गमछा शोधू लागले.

केस निथळत रंजीता त्यांच्या खुर्चीशी आली. थोडी लाजत, थोडी पंचांकडे बघत.

"आजोबा, तुम्ही हैदराबादला येणार का?"

"दोरीच्या मांगं बसू देतीन तं येईन."

"मग माझ्यासाठी पण एक आवाज काढाल? आमच्या घरचे ड्युटी सोडून येत नाहीत. माझ्या उडीला कोणीच काही म्हणत नाही."

चंपतरावांनी डोळे मिटले आणि मान तिरपी केली. बराच वेळ ते पोरीची उडी मनातल्या मनात ऐकत राहिले.

"धबाक तुले नाई जमायचं," ते शेवटी म्हणाले. "हाडानं बारीक हायेस. तुले डुबूक लागन. पन चांगलं लंबं म्हनीन, समोरच्या भिंतीपावतर."